चिरलेली बोंडे

अफूच्या शेतात चिरा देणारा माणूस पाठमोरा चालतो. पुढे चालला तर नुकत्याच चिरलेल्या बोंडांवर फुटलेला चीक त्याच्याच कपड्यांना पुसून जातो, आणि दिवसभराची मेहनत घाघऱ्याच्या घेरावर डाग होऊन वाळते. म्हणून भर दुपारी, उन्हाला मानेवर घेऊन, रिस्ताना एकेक पाऊल मागे टाकत होती. डाव्या हाताच्या बोटांत बोंड धरायचे, उजव्या हातातल्या आखूड पात्याने त्याच्या पोटाभोवती एक आडवी रेघ ओढायची. जोर इतकाच, की साल फाटावी पण आत भोक पडू नये. मग ते सोडून द्यायचे. रेघेतून पांढरे थेंब वर येत आणि तिथेच थबकत, जणू बाहेर आल्यावर आता कुठे जायचे हे त्यांना आठवत नव्हते. उद्या उजाडेपर्यंत ते तपकिरी होतील, घट्ट होतील. मग दंव वाळायच्या आत बोथट पात्याने खरवडून अफूच्याच रुंद पानावर गोळा करायचे. मधल्या वेळात पाऊस आला तर सगळे मातीत.

आणि यंदा पाऊस रोज दुपारी डोंगरामागे येऊन बसत होता. वार्दार नदीच्या वरचा सगळा उतार एकाच आठवड्यात पाकळ्या गाळून मोकळा झाला होता. ज्याच्या त्याच्या शेतात बोंडे एकदमच चिरण्याजोगी झाली होती. मजूर म्हणून बोलवावे तर प्रत्येक जण आपल्याच बांधात वाकलेला. त्यात दीर पान्दो लष्करात गेलेला. उत्तरेकडच्या कुठल्याशा छावणीत तो सरकारी घोड्यांना खरारा करत होता आणि इथे त्याच्या वाटणीचा उतार कोणाची तरी वाट पाहत होता. शेतात राहिली दोघेच, रिस्ताना आणि तिचा नवरा झाफिर. घरी सासू वेलिका आणि सात महिन्यांचा नायदेन.

बांधापलीकडून शेजारीण काता पाठमोरीच बोलत होती. तोंड एकीकडे आणि पाय दुसरीकडे, ही तिथल्या बायकांची हंगामातली सवय. ती म्हणाली, तिच्या धाकट्या सुनेच्या पोराने सकाळपासून घर डोक्यावर घेतलेय, कुत्रीसुद्धा अंगण सोडून गेली.

"आणि तुझा काय गं तो? पोर आहे का पाद्रीबाबा? बघावं तेव्हा डोळे मिटून. प्रवचन चाललंय जसं."

रिस्ताना हसली. तिला त्या थट्टेत मान वाटला. मार्चमध्ये विरळणी सुरू झाली, कुदळीने दाट रोपे काढायचे दिवस आले, तेव्हापासून नायदेन शहाण्यासारखा वागू लागला होता. त्याआधी तो रडत असे, लाथा झाडत असे, तिची वेणी ओढत असे. आता सकाळी ती जाताना झोपलेला, दुपारी ती पाजायला येई तेव्हा पेंगुळलेला. तिने मनात सासूचे उपकार मानले होते. म्हातारीच्या हाताला गुण आहे, असे तिने कातालाही सांगितले होते. काताने तेव्हा पाते दगडावर घासून पुन्हा धार पाहिली होती.

दुपारच्या पाजण्याचा एक विधी होता. घरात शिरल्या शिरल्या बाळाला हात लावायचा नाही. आधी ओसरीच्या सावलीत बसायचे, मनगटे गार पाण्यात बुडवायची, आणि पहिले दूध पिळून मातीत टाकायचे. उन्हाने तापलेले दूध, शेतातल्या बाईचे दूध, बाळाच्या पोटात आग लावते, असे वेलिका म्हणे. ते ती हळू आवाजात कधी म्हणत नसे. रस्त्यावरून कोणी जात असले की तिचा आवाज थोडा चढे. "नीट पीळ, सूनबाई. पुन्हा तसं नको." त्या 'तसं'मध्ये रिस्तानाचा पहिला मुलगा दिमो होता. परवाच्या सालच्या हंगामात, असाच जून महिना, असेच डोंगरामागचे ढग, तो दुपारी झोपला तो उठलाच नाही. रिस्ताना तेव्हा धावत शेतातून येऊन लगेच त्याला छातीशी घेत असे. गावाने ते पाहिले होते. गावाला कारण मिळाले. पांढऱ्या दुधाचा थेंब धुळीत पडे, क्षणभर गोल राही, मग त्याची मळकट गोळी होई. आणि रिस्ताना खाली मान घालून, आपल्या अंगातले विष आपल्याच हाताने काढावे तसे, ते पिळत राही.

नायदेन झाला तेव्हा चाळिसाव्या दिवशी, कडाक्याच्या थंडीत, त्याला दुपट्यात गुंडाळून गावाबाहेरच्या चव्हाट्यावर ठेवले होते. ज्या घरात मूल दगावते तिथल्या पुढच्या मुलाला असे ठेवतात. मृत्यूला वाटावे, हे कोणाचेच नाही. झुडपाआड ती आणि झाफिर उभे होते, एकमेकांचे हात काखेत घेऊन. पहिला आला तो गाढवावर मडकी लादलेला कुंभार. त्याने मूल उचलले, नाव ठेवले, नायदेन, म्हणजे सापडलेला. आणि तो त्या घराचा कायमचा धर्मबाप झाला. झाफिर तेव्हा रडला होता. पुरुषाला रडताना तिने प्रथमच पाहिले होते, आणि त्या अश्रूंवर तिने पुढचा सगळा हिवाळा काढला होता.

झाफिर वाईट नव्हता. हे ती अजूनही, कोणी विचारले तर, सांगेल. खरवडणीच्या दिवसांत तिची बोटे चिकाने काळी पडत, एकमेकांना चिकटत, पाव मोडताना पावालाच तो कडू वास लागे. तेव्हा संध्याकाळी जेवणानंतर तो सूर्यफुलाच्या तेलाची बशी घेऊन बसे आणि तिचे एकेक बोट चोळून मोकळे करी. त्या दिवशीही त्याने तसेच केले. तिने सांगितले, नायदेन आज दोनदा ओढून थांबला, छाती नुसती दगड झालीय. झाफिर अंगठ्यावर थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, उकाडा आहे, पोरं उकाड्यात पीत नाहीत. चुलीपाशी बसलेल्या वेलिकानेही तेच सांगितले, जवळजवळ त्याच शब्दांत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पात्याने दगा दिला. एका बोंडावर वारा आला, देठ वळला, आणि पाते रिस्तानाच्या डाव्या अंगठ्याच्या मुळात घुसले. रक्त बोंडावर सांडले. पांढऱ्यात लाल मिसळले. झाफिर पार वरच्या टोकाला होता. तिने हाकही मारली नाही. चिंधी बांधून लगेच परत यायचे, असे ठरवून ती उतार उतरली. पाजायच्या वेळेच्या कितीतरी आधी.

अंगणात कोणी नव्हते. मागच्या बाजूने शेळीला ओढण्याचा आणि वेलिकाच्या शिव्यांचा आवाज येत होता. घरात, उन्हातून आत आल्यावर काही दिसेना. आधी वास आला. आपल्याच हातांना येतो तो वास; डोके धरवणारा, ओल्या पाल्यासारखा कडू. तिला वाटले, आपल्याच अंगाला आहे. मग डोळे सरावले. चुलीच्या कडेला तांब्याचे लांब दांड्याचे भांडे होते, त्यात तपकिरी पाण्यात उकडून मऊ झालेली दोन बोंडे. शेजारी साखरेचा डबा, त्याचे झाकण उघडे. वाटीत चमचा.

पाळण्यात नायदेन होता. त्याचे ओठ पिकल्या जांभळाच्या रंगाचे झाले होते. छाती वर आली. रिस्ताना थांबली. पुन्हा वर यायची वाट पाहू लागली. बाहेर शेळी ओरडली, वेलिका तिला काहीतरी म्हणाली, कुठेतरी कोंबडी फडफडली, आणि एवढ्या सगळ्या वेळात ती छाती वर आली नाही. मग आली.

पुढचे तिच्या हातांनी केले. तिने त्याला उचलले, रक्ताळलेल्या अंगठ्यासकट; अंगणातल्या पाण्याच्या डोणीशी नेले, तोंडावर, छातीवर, मानेवर गार पाणी मारले. तळव्यांवर चापट्या मारल्या. नाव घेतले. त्याची मान ओल्या फडक्यासारखी तिच्या दंडावरून लोंबली. तिने पाय चिमटले. त्याच्या पापण्या फाकवून पाहिल्या. आतली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. ती त्याला घेऊन उन्हात चालू लागली, डोणीपासून कुंपणापर्यंत, कुंपणापासून डोणीपर्यंत, आणि तो श्वास घ्यायचे विसरला की त्याला हलवून आठवण करून देऊ लागली.

वेलिका शेळीचे दूध घेऊन कोपऱ्यावरून आली आणि तिथेच उभी राहिली.

"का झोपमोड करतेस त्याची?"

"हा झोपलेला नाहीये, आई."

"दोन चमचे दिलेत. साखर घालून." वेलिकाने दुधाचे भांडे जपून खाली ठेवले. "डोळे वटारू नकोस माझ्यावर. माझ्या सगळ्या पोरांना दिलंय मी. तुझा नवरा त्याच्यावरच वाढला. मग शेत कोण चिरणार? तू इथे पोर घेऊन बसणार, आणि मी चिरणार? ह्या हातांनी?"

तिने हात पुढे केले. सांधे फुगून बोटे आत वळली होती; जन्मभर आखूड पाते धरून त्यांनी तोच आकार धरला होता आणि आता त्यांच्यात पाते मावत नव्हते. रिस्तानाने ते हात पाहिले. एरवी तिला त्यांची दया आली असती.

नायदेन खोकला. एक बारीक, चिडका आवाज त्याच्या घशातून निघाला. तिने त्याला आणखी पाणी मारले, आणि तो आवाज पुन्हा आला, थोडा मोठा. ओठांचा जांभळा रंग कडेने फिकट होऊ लागला. तरी ती बसली नाही; चालत राहिली.

झाफिर आला तो घाईने, वरच्या टोकावरून तिची ओळ रिकामी दिसली म्हणून. डोणीशी सांडलेले पाणी, बायकोच्या झग्यावरचे रक्त, ओले मूल, दारात उभी आई. त्याने एका नजरेत सगळे पाहिले, आणि त्याला काहीच विचारावे लागले नाही. हे रिस्तानाच्या नंतर लक्षात आले. त्याने विचारले नाही, काय झाले. तो जवळ आला, मुलाच्या कपाळाला हात लावला आणि तिला समजावण्याच्या सुरात म्हणाला,

"घाबरू नकोस. उतरेल आत्ता. यंदा आई चिरलेलीच बोंडं घेते, मी बजावून ठेवलंय तिला. चीक निघून गेलेला असतो. त्यांच्यात काही उरलेलं नसतं."

रिस्ताना चालायची थांबली.

"यंदा?"

झाफिरचा हात मुलाच्या कपाळावर तसाच राहिला. वेलिका वळली आणि दुधाच्या भांड्यावर फडके टाकू लागली, जरी त्यावर आधीच फडके होते.

"परवाच्या साली कुठली घेतली होती?"

"रिस्ताना, आधी आत चल. लोक..."

"कुठली घेतली होती?"

त्याने खाली पाहिले. उत्तर आले ते इतक्या हळू, की जणू ते त्याला नुसते ओठांनीच सांगायचे होते. बियाण्याची. तुळईला टांगलेली. न चिरलेली.

प्रत्येक घरात ती असतात. शेतातली सर्वांत भरदार बोंडे निवडून देठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे चिरणाऱ्याचे पाते तिकडे जात नाही. ती आपल्या सगळ्या चिकासकट वाळतात. नव्यांबरोबर मागच्या सालची उरलेली जुनीही त्याच दोरीला असतात. परवाच्या साली, दिमोला पुरल्यावर, शरद ऋतूत झाफिरने ती दोरी खाली काढली होती आणि बोंडे तळहातावर फोडून निळसर करडे बी नांगरलेल्या उतारावर फेकले होते. रिस्ताना काळा रुमाल बांधून त्याच्या मागून काटेरी फांदी ओढत होती, बियांवर माती यावी म्हणून. माळेत मधे दोन-तीन देठ रिकामे होते. तिने विचारले होते, उंदरांनी नेली का. तो हो म्हणाला होता. त्या बियाण्याचेच बियाणे यंदा उभे होते. ज्यातून ती रोज दुपारी मागे मागे चालत होती.

"तुम्हांला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. आईने सांगितलं. तिने जाणूनबुजून नव्हतं केलं. तिला वाटलं, बोंड ते बोंड."

"आणि माझं दूध?"

हा प्रश्न तिने झाफिरला विचारला होता, पण उत्तर वेलिकाने दिले. ती दारातून हलली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी जुनी, कधीच ठरून गेलेली गोष्ट परत समजावून सांगावी तसा तो होता.

"लोकांना काहीतरी सांगावं लागतं, पोरी. तू तरुण होतीस. तुला दुसरं होणारच होतं, लोक विसरणारच होते. माझ्या नावावर ते बसलं असतं तर मी चर्चमध्ये मेणबत्ती तरी कुठल्या हाताने लावली असती? माझ्याजवळ विसरण्याइतकी वर्षं नव्हती."

नायदेन आता बारीक कण्हत होता. रिस्तानाला आपल्या छातीत दूध भरल्याची कळ जाणवली. वेळ झाली होती. दोन वर्षे तिने ते विष समजले होते. मार्चपासून रोज दुपारी या बाईने ओसरीवर उभे राहून ते पिळून घेतले होते, रस्त्यावरचे लोक मोजून. आणि हा माणूस संध्याकाळी बशीत तेल घेऊन बसत होता.

"तुला ठाऊक होतं, झाफिर," ती म्हणाली.

नवऱ्याचे नाव तिने आयुष्यात प्रथमच घेतले होते. त्या नावाचा तिच्या तोंडातला आवाज तिलाच परका वाटला. वेलिकाने दचकून मान वर केली.

"तुला ठाऊक होतं, आणि तू माझ्याबरोबर चव्हाट्यावर उभा राहिलास. थंडीत. मृत्यू आपल्या चुलीवर उकळत होता आणि तू मला त्याला चकवायला गावाबाहेर घेऊन गेलास. रडलासही."

"रडलो ते खोटं नव्हतं."

"ते मला कळतंय आता," ती म्हणाली. "मी समजले होते, माझ्यासाठी रडतोयस."

त्या दुपारी ती शेतात परत गेली नाही. भांड्यातले पाणी तिने उकिरड्यावर ओतले, पाळणा ओसरीवर आणला, आणि मूल मांडीवर घेऊन बसली. संध्याकाळपर्यंत नायदेन पूर्ण जागा झाला. तो रडू लागला तेव्हा तिला इतके सुटल्यासारखे वाटले, की तिने त्याला गप्पही केले नाही. रड बाळा, ती म्हणाली, रड.

पण ते रडणे थांबले नाही. दुसऱ्या सकाळी त्याला शिंका येऊ लागल्या, एकामागून एक, आणि मोठ्या माणसासारख्या जांभया. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले. तो घामाने भिजे आणि लगेच थंडीने काटा आलेल्या कोंबडीच्या कातडीसारखा होई. पाय पोटाशी घेऊन तो ताणून किंचाळे. तोवर ऐकलेल्या कुठल्याच रडण्यासारखे ते नव्हते, त्यात मागणे नव्हते, तक्रार नव्हती, नुसती एक उंच, सरळ रेघ होती. दुपट्यात हिरवे पाणी होऊ लागले. तिने छातीशी धरले तर तो तोंड फिरवी, धरे, सोडे, पुन्हा किंचाळे. तिने आता काहीच मातीत पिळले नाही. पण जे वाचवले ते त्याला नको होते.

झाफिर एकटाच चिरत होता. बोंडे थांबत नाहीत. दोन दिवस उशीर झाला की ती पिकतात आणि चीक आत आटतो. तो सकाळी खरवडायचा, दुपारी चिरायचा, आणि उतार संपत नसे. घरात आला की पाळण्याकडे न पाहता पाव खाई. एकदा फक्त त्याने विचारले, ती पोर घेऊन बांधावर तरी येईल का. तिने पाळण्याला झोका दिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डोंगरामागचा पाऊस अखेर उठून आला. आधी वारा, मग गारांचे चार दाणे, मग एकसारखी सर. झाफिर दारात उभा राहिला. टोपीच्या कडेवरून पाणी गळत होते, हात दोन्ही बाजूंना मोकळे.

"आजचं सगळं गेलं," तो म्हणाला.

वेलिका छातीवर क्रूसाची खूण करून पुटपुटली. नायदेन किंचाळत होता. झाफिर त्या आवाजाकडे बघत म्हणाला, इतक्या दिवसांत प्रथमच बघत,

"दे ना त्याला थोडंसं. तुझ्याने ऐकवतं तरी कसं?"

वेलिकाने साखरेचा डबा फळीवरून काढून चुलीच्या कडेला ठेवला.

सकाळी काता आली. चिखलात पाय माखलेले, फडक्यात गुंडाळलेले ताजे पांढरे चीज. तिने नायदेनला मांडीवर घेतले, त्याचे पोट चाचपले, त्याची जांभई पाहिली, आणि तिचा चेहरा, जो एरवी थट्टेवाचून कधी दिसत नसे, तो एकदम म्हाताऱ्या बाईचा झाला.

"किती दिवस झाले बोंडाचं पाणी तोडून?"

रिस्तानाने सांगितले. मग तिने काताकडे नीट पाहिले.

"तुला माहीत होतं."

"दिमोला मीच धुतलं होतं ना गं. ओठ बघितले तेव्हाच कळलं."

"मग?"

"मग काय. तुझ्या सासूने माझ्याकडे बघितलं. माझ्या चुलीवर पण तेच भांडं होतं. मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?" काता मुलाच्या पायांना हाताने शेक देत राहिली. "तू पण विचारलं नाहीस. तुला दुधाचं सांगितलं, तू ऐकून घेतलंस. मला वाटलं, तुलाही ठाऊक असेल आणि तू सोसतेयस."

रिस्तानाला बांधावरची ती थट्टा आठवली, पाद्रीबाबाची. सगळ्या उतारावरच्या बायका त्या दिवशी पाठमोऱ्या चालत होत्या. त्यांतली कोण कोण जाणत होती, हे आता मोजण्यात अर्थ नव्हता. तिला आपली आई आठवली, नदीपलीकडच्या गावची, तिच्याही घरामागे असाच उतार होता. तिने विचारायला तोंड उघडले, आणि कातानेच आधी सांगितले.

"तुझ्याही आईचं शेत होतं, रिस्ताना. तीही दिवसभर बाहेरच असायची ना?"

पाऊस थांबला होता. छपरावरून पाणी ठिबकत होते. काताने मूल तिच्या हातात परत दिले आणि खाली पाहत म्हणाली, असे एकदम तोडलेस तर हा राहणार नाही. तिने तसे एक पोर जाताना पाहिले आहे, कोणाचे ते तिने सांगितले नाही. रोज द्यायचे, आणि रोज थोडे कमी. बोंड तेच, पाणी जास्त. चमचा भरायचा तो आज एवढा, उद्या एवढा. महिना लागेल, जास्तही लागेल. सासूच्या हाती देऊ नकोस, तिचा हात जड आहे.

"मी द्यायचं?" रिस्ताना म्हणाली.

"मग कोण देणार?"

काता गेल्यावर ती त्याला छातीशी धरून बसली. नायदेन आता किंचाळून दमला होता. तो दमला की अंगात बारीक झटके येत, ओठ उगीचच चोखल्यासारखे हलत, मग पुन्हा ती रेघ सुरू होई. शेवटी ती उठली. त्याला पाठीशी बांधले, परड्यात गेली, आणि कुंपणालगतच्या ओळीतून, पावसाने धुतलेल्या, चिरांच्या काळ्या खुणा उरलेल्या बोंडांतून एक तोडले. ते तिनेच चिरले होते. रेघ सरळ होती, तिच्याच हाताची. तिने ते अर्धे केले, बी झटकले, एक अर्धुक फेकून दिले आणि दुसरे तांब्याच्या भांड्यात टाकून वर पुष्कळ पाणी ओतले.

वेलिका कोपऱ्यात बसून पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव असता तर रिस्तानाने ते भांडे तिच्या अंगावर ओतले असते. पण तिथे नुसती सुटका होती, इतकी उघडी, इतकी कृतज्ञ, की रिस्तानाला आपली मान वळवावी लागली. झाफिर उंबऱ्यावर येऊन थांबला, त्याने पाहिले, आणि टोपी घालून पुन्हा उताराकडे गेला.

पाणी पिवळट झाले. तिने ते फडक्यातून वाटीत गाळले, निवू दिले, जिभेला लावून पाहिले. कडू. आपल्या बोटांसारखे कडू. तिने साखर घातली.

नायदेन मांडीवर ताठ होऊन रडत होता, डोळे घट्ट मिटलेले, मुठी आवळलेल्या. तिने चमचा उचलला. तो वाटीच्या कडेला लागला. एवढासा आवाज झाला.

रडणे थांबले.

त्याने डोळे उघडले. ओल्या पापण्यांआडून त्याने शोधले, आणि सापडल्यावर त्याचे सगळे अंग उजळले. पाय झाडले, दोन्ही हात पुढे आले, आणि तोंड भरून, हिरड्यांतल्या नुकत्याच फुटलेल्या एका दातासकट, तो हसला. रिस्तानाने त्याला असे हसताना कधी पाहिले नव्हते. तिने चमचा थोडा डावीकडे नेला. हसू डावीकडे वळले. तिने तो आपल्या चेहऱ्यासमोर धरला. हसू चमच्यापाशी थांबले, त्यामागे तिच्यापर्यंत आले नाही.

मग चमच्यातले काही तिने वाटीत परत ओतले, आणि उरलेले त्याच्या तोंडात घातले.